मंदीच्या दिवसांत धंदा निवडताना

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा निरोप आला तेव्हा आम्ही तिघेही दुकानातच होतो. समोर एका मोटरीचा स्टेटर उघडून ठेवला होता आणि हात वार्निशने चिकट झाले होते. निरोप वाचून आमच्यापैकी एकजण म्हणाला, "आपण काय लिहावं? ना आपण अधिकारी झालो, ना प्राध्यापक." ते खरेच आहे. स्मरणिकेच्या पानांवर ज्यांची छायाचित्रे कौतुकाने छापली जातात, त्यांच्यात आमची गणना होत नाही. परंतु निरोपाच्या शेवटी सरांनी लिहिले होते की, शिक्षण संपवून बाहेर पडलेल्या पुष्कळ मुलांना आज नोकरी नाही, आणि त्यांचे पालक 'एखादा धंदा सुचवा' म्हणून विद्यालयात येतात. त्या पालकांसाठी आम्ही हे लिहीत आहोत. यात उपदेश थोडा आणि हिशेब जास्त आहे. लेख तिघांचा असल्यामुळे सर्वत्र 'आम्ही' असे म्हटले आहे.

आम्ही तिघे एकाच गावचे आणि एकाच तुकडीचे. वसतिगृहाच्या एकाच खोलीत सहा वर्षे काढली. शाळा सुटल्यावर वाटा वेगळ्या झाल्या. एकाने आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागला. दुसरा पुण्यातील एका हॉटेलच्या भटारखान्यात भांडी घासायला शिरला आणि आठ वर्षांत तिथला मुख्य आचारी झाला. तिसऱ्याने वाणिज्य शाखेची पदवी घेतली व एका कापड-दुकानात हिशेब लिहू लागला. 25 मार्च 2020 पासून टाळेबंदी लागू झाली आणि या तिन्ही वाटा एकाच आठवड्यात बंद झाल्या. कंत्राटदाराने फोन उचलणे सोडले, हॉटेलला कुलूप लागले, आणि कापड-दुकानाच्या मालकांनी अर्धा पगार हातावर ठेवून 'पुढचे पुढे पाहू' असे सांगितले. मे महिन्यात काही वाट भाजीच्या रिकाम्या टेम्पोतून आणि काही पायी तुडवून आम्ही लातूर जिल्ह्यातील आमच्या गावी पोचलो. गावाने आम्हांला चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत वेगळे ठेवले. इतक्या वर्षांनी आम्ही तिघे पुन्हा एका खोलीत, जमिनीवर सतरंज्या टाकून झोपत होतो.

त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या मानाने सुमारे 24 टक्क्यांनी घटले, हे आम्ही पुढे वर्तमानपत्रात वाचले. गावात ही घट आकड्यांनी कळत नव्हती. लग्नसराई बुडाल्याने बँडवाले, मांडववाले आणि वाढपी घरी बसले होते. शिंप्याच्या यंत्रावर कापड टाकून ठेवलेले होते. शहरातून दरमहा येणारे पैसे थांबल्यामुळे आमच्या वस्तीतल्या घरांत तेलाची बाटली अर्ध्या मापाने भरून येत होती. अशा वेळी शहरात परतण्याची वाट पाहावी की येथेच काही सुरू करावे, हा प्रश्न त्या शाळेच्या खोलीतच उभा राहिला. तिघांची बचत मिळून 90,000 रुपये होती. तेवढ्याच बळावर निर्णय घ्यायचा होता, आणि चुकलो असतो तर दुसरी संधी देणारे आमच्या मागे कोणी नव्हते.

येथे विद्यालयाची एक आठवण सांगणे आवश्यक आहे. वसतिगृहात दर महिन्याला दोन विद्यार्थ्यांकडे कोठीची वही असे. गहू किती आला, डाळ किती लागली, तेल किती उरले, हे रोज रात्री लिहून सरांना दाखवावे लागे. तेव्हा आम्हांला ते काम कंटाळवाणे वाटे. पण त्या वहीने आम्हांला एक सवय लावली होती. तर्क करण्याआधी मोजावे, ही ती सवय. विलगीकरण संपल्यावर आम्ही एक वही घेतली आणि पंधरा दिवस बाजाराच्या गावी जाऊन, अंतर राखून, नुसते पाहत बसलो. हात आखडता असतानाही लोक कशावर पैसे खर्च करतात, एवढेच लिहायचे होते.

आरंभी आम्ही प्रत्येकजण जो तो आपल्या मनातला धंदा मांडत होतो. मोबाईल-दुरुस्तीचे नाव पहिल्यांदा आले. परंतु त्या एका बाजारात अशी चार दुकाने आधीच होती, आणि काचा, कव्हरे यांचा माल सहा महिन्यांत जुना होतो. किराण्याचा विचार झाला. तेव्हा हिशेबनीस मित्राने दाखवून दिले की, 90,000 रुपयांचा माल फळ्यांवर मांडल्यावर हातात काहीच उरणार नाही, आणि पहिली गिऱ्हाइके आपल्याच वस्तीतली असतील. ज्यांची मजुरी बंद आहे त्यांना नाही कसे म्हणायचे, आणि दिले तर वसूल कसे करायचे? झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे केंद्र काढावे, तर शाळा-कचेऱ्या बंद. शेळीपालन करावे, तर चाऱ्यापुरतीही जमीन तिघांपैकी कोणाकडे नाही. वहीत एकेका नावावर काट मारताना मन खचत होते. पण ती काट आम्ही कागदावर मारली, पैसे घालून मारली नाही, याचे महत्त्व पुढे कळले.

दोन नावांवर मात्र सहज काट मारता आली नाही. त्यांतले एक दारूचे होते. 4 मे रोजी दारूची दुकाने उघडली तेव्हा ठिकठिकाणी लागलेल्या रांगांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली होती. तालुक्याच्या ठिकाणी ढाबा आणि परमिट रूम चालवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थाने आमच्या हिशेबनीस मित्राला भागीदारी देऊ केली. पैसे थोडे घालायचे, वही सांभाळायची, आणि नफ्यात पाव हिस्सा. मंदीत सगळे बसते पण हा धंदा बसत नाही, हे त्याचे म्हणणे आकड्यांनी खोटे पाडता येत नव्हते. मद्याचा व्यापार उपासकाने करू नये, हे आम्ही तिघांनीही विद्यालयात पाठ केले होते. तरी तीन रात्री वाद झाला. "घरात पीठ नसताना शील कोणाला दाखवायचं?" असे तो म्हणाला, आणि त्याच्या लहान मुलीचा दुधाचा खर्च आम्हांला ठाऊक असल्यामुळे आम्ही गप्प बसलो. चौथ्या दिवशी त्याच्या आईच्या कानावर ही गोष्ट गेली. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मागे वळूनही न पाहता ती म्हणाली, "तुझ्या बापानं पिऊन घालवलं, ते तू विकून आणणार व्हय?" त्यानंतर त्या विषयावर आमच्यात बोलणे झाले नाही. ही काट आमच्या शहाणपणाने पडली, असा दावा आम्ही कधीही करणार नाही. ती त्या माउलीने मारली.

दुसरे नाव खानावळीचे होते, आणि ते लिहिताना आजही अवघड वाटते. आमच्या तिघांत सर्वांत पक्के कसब आचारी मित्राच्या हातात होते. रोज दोनशे माणसांचा स्वयंपाक सांभाळलेला तो माणूस. बाजाराच्या गावी फाट्यावर ट्रक थांबतात, टाळेबंदी सैल होताच जेवण लागणारच. सर्व बाजूंनी विचार केला असता हाच धंदा निवडायला हवा होता. पण आम्ही तिघेही त्याच मातीत वाढलो आहोत. आमच्या हातचे कोण जेवेल, कोण 'आत्ताच जेवून आलो' म्हणेल, आणि कोण फाट्यावरच्या इतरांना हळूच सांगेल, हे आम्हांला कोणी सांगण्याची गरज नव्हती. शेवटी आचारी मित्रानेच वही ओढून घेतली आणि स्वतःच्या हाताने त्या नावावर काट मारली. तो दूरदृष्टीचा निर्णय होता की भित्रेपणाचा, याचे उत्तर आम्हांला आजही नीट देता येत नाही. एवढे मात्र खरे की 90,000 रुपयांत लढाई आणि धंदा दोन्ही करणे आम्हांला परवडणारे नव्हते.

त्या रात्री आम्हांला बाबासाहेबांच्या चरित्रातला एक प्रसंग आठवला. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या, आणि पुढे 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या त्या अर्थशास्त्रज्ञाने मुंबईत शेअर व गुंतवणूक यांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. पुढे 1918 मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेथेही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी कुरबुर केली. ज्ञानात कमतरता नव्हती, सचोटीत नव्हती. तरीही बाजाराने त्यांना नाकारले. आमच्या मुलांना धंदा सुचवताना लोक भांडवल, जागा आणि मागणी या तीन गोष्टी सांगतात. गिऱ्हाईक तुमच्या दारात येण्याआधी तुमचे आडनाव विचारणार आहे काय, ही चौथी गोष्ट कोणी सांगत नाही. ती धरून चालावे लागते. तिच्यापुढे मान तुकवावी असे आमचे म्हणणे नाही. पण हिशेब करताना ती कमी लेखली, तर बुडतो तो गरिबाचा पैसा.

म्हणून आम्ही वहीच्या नव्या पानावर तीन प्रश्न लिहिले. पहिला, हे काम माणूस पुढे ढकलू शकतो काय? दुसरा, गिऱ्हाईक आले नाही तर आमच्याजवळ पडून राहून नासेल वा जुने होईल असे काय आहे? तिसरा, गरज अशी आहे काय की तिच्यापुढे आडनाव मागे पडावे? या तीन प्रश्नांची चाळणी लावून आम्ही पंधरा दिवसांच्या नोंदी पुन्हा वाचल्या. तेव्हा एक नोंद डोळ्यांत भरली. बाजाराच्या गावापासून काही कोसांवर वायंडिंगचे एकच दुकान होते, आणि मे महिन्याच्या अखेरीस त्याच्यापुढे जळालेल्या मोटरींची रांग लागली होती. उसाला पाणी देणे थांबले होते म्हणून शेतकरी तेथे ताटकळत बसले होते. मोटर जळली की नवी घ्यायला पैसे नाहीत, आणि पाणी तर चार दिवसही थांबत नाही. मंदी आली की माणूस नवे घेणे सोडतो आणि जुने दुरुस्त करून वापरतो. मंदीत दुरुस्तीचा धंदा वाढतो, ही साधी गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर असूनही आम्हांला पंधरा दिवस दिसली नव्हती.

मोटरी का जळतात, हेही समजून घेतले. आमच्या भागात शेतीला थ्री-फेज वीज पाळीने येते, आठवडाभर दिवसा, तर आठवडाभर रात्री. शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच बसवून झोपतो. वीज येताना एखादी फेज गायब असली किंवा दाब कमी असला, तरी मोटर चालू होते, तापते आणि तिचे वायंडिंग जळते. विहिरीचे पाणी खाली गेले आणि पंप कोरडा फिरला, तरी तेच. मग जळालेली तार उपसून काढायची, जुन्या वेटोळ्यांचे फेरे आणि तारेची जाडी मोजायची, खाचांत नवा कागद बसवायचा, नवे कॉइल भरायचे, बेअरिंग-बुश तपासायचे आणि पाण्यात सोडण्यापूर्वी गळती-करंट पाहायचा. दुकानात माल म्हणून ठेवायची ती मुख्यतः तांब्याची तार, आणि तांबे नासत नाही.

वीजतंत्री मित्राला विजेचे शास्त्र येत होते, पण हाताला वायंडिंगची सवय नव्हती. शेजारच्या तालुक्यात चाळीस वर्षे हेच काम करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि खरे ते सांगितले की, शिकून आम्ही आमचे दुकान काढणार आहोत. ते हसून म्हणाले, "पोरांनो, पावसाळ्यात माझ्याकडं काम नसतं, तेव्हा शिकवायला वेळ असतो. पण शिकल्यावर माझ्या गावात बसू नका, आणि कुणाच्याच पोटावर बसू नका. जिथं लोक मोटर घेऊन लांब जातात तिथं बसा." जूनपासून चार महिने आमच्यापैकी दोघे त्यांच्याकडे राबले. आचारी मित्राचा हात तर असा बसला की चाचा म्हणत, "ह्याला मापाची अक्कल आधीपासून आहे." पदार्थात मीठ अंदाजाने पडत नाही, तसेच खाचेत फेरेही अंदाजाने पडत नाहीत.

भांडवलाचा हिशेब पालकांना उपयोगी पडेल म्हणून देतो. मेगर, टोंगटेस्टर, पुलर, हाताने फिरवायचे कॉइलचे यंत्र आणि इतर हत्यारे यांना 38,000 रुपये लागले. त्यांतली काही जुनी घेतली. जागेची अनामत 10,000 झाली. पहिल्या तारेला 12,000 घातले. उरलेले 30,000 रुपये बँकेत वेगळे ठेवले आणि पहिले सहा महिने त्यांना हात लावायचा नाही असे ठरवले. सरकारी योजनांचीही चौकशी केली. स्टँड-अप इंडियाचे कर्ज तेव्हा 10 लाखांपासून पुढे मिळत असे, तेवढ्याची आमची गरज नव्हती आणि तेवढे फेडण्याची ऐपतही नव्हती. मुद्रा योजनेतील 'शिशु' गटाची मर्यादा 50,000 रुपये आहे. ते कर्ज आम्ही पहिल्याच दिवशी घेतले नाही. आधी आपल्या पैशाने एक हंगाम काढू, गिऱ्हाईक येते की नाही ते पाहू, आणि मगच कर्ज काढू, असे ठरले. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी मात्र लगेच करून घेतली, कारण तिला शुल्क नाही.

जागा मिळवताना चौथी गोष्ट आडवी आलीच. एका गाळ्याचे भाडे फोनवर ठरले, दुसऱ्या दिवशी समोर बसून नाव-गाव विचारले गेले, आणि तिसऱ्या दिवशी 'तो पाहुण्यांना दिला' असे कळले. शेवटी फाट्यापासून थोडे दूर, एका विधवा बाईंच्या घराच्या पुढच्या पडवीत दरमहा 1,500 रुपये भाड्याने जागा मिळाली. अशोक विजयादशमीच्या दिवशी त्रिसरण-पंचशील घेऊन दुकान उघडले. पहिले नऊ दिवस एकही मोटर आली नाही. त्या ऑक्टोबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली होती, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले होते आणि शेतात मोटरीची गरजच नव्हती. दहाव्या दिवशी एक शेतकरी बैलगाडीतून मोटर घेऊन आला. नोव्हेंबर सरेपर्यंत हरभऱ्याचे पाणी सुरू झाले आणि अकरा मोटरी झाल्या. आमचा तिसरा प्रश्न बहुतांशी खरा ठरला. रात्री दोन वाजता मोटर जळालेला माणूस सकाळी सात वाजता आडनाव विचारत नाही.

परंतु पहिल्या वर्षातली मोठी चूक आमचीच होती. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीला साधारण चार किलो तार लागे. तेव्हाच्या 600 रुपये किलोच्या भावाने तारेचे 2,400, बेअरिंग, कागद व किरकोळ सामानाचे 600 आणि मजुरी 1,500, असे 4,500 रुपये आम्ही सांगत असू. अतिवृष्टीने शेतकरी पिचलेला होता, म्हणून पुष्कळांना 'सुगीला द्या' म्हटले. इकडे जगाच्या बाजारात तांबे चढत होते. मार्च 2020 मध्ये टनाला 5,000 डॉलरच्या खाली गेलेला भाव मे 2021 मध्ये 10,000 डॉलरच्या पुढे गेला. आमची तार 900 रुपये किलोवर पोचली. उधारीचे 4,500 रुपये हातात आले तेव्हा तेवढीच तार परत भरायला 3,600 रुपये लागत होते. म्हणजे 1,500 रुपयांच्या मजुरीतून आमच्याकडे 300 रुपये उरले. काम भरपूर, दुकान गजबजलेले, आणि गल्ला रिकामा. बँकेत वेगळे ठेवलेले 30,000 रुपये याच काळात मोडावे लागले. ते नसते तर 2021 च्या उन्हाळ्यात आम्ही दुकानाला कुलूप लावून पुन्हा चाकणची वाट धरली असती.

हिशेबनीस मित्राने त्यावर उपाय काढला. त्याने बिलाचे दोन भाग केले. तांबे त्या दिवसाच्या भावाने, वजन करून, रोख द्यायचे. मजुरी मात्र सुगीपर्यंत थांबू शकते. 'तांबे रोख, मजुरी उधार' अशी पाटीच लावली. आरंभी कुरकुर झाली. पण त्याच वेळी आम्ही आणखी एक रीत घातली. जळालेली तार मोटरीतून काढली की ती गिऱ्हाइकासमोर काट्यावर ठेवायची आणि त्यालाच परत द्यायची. जुने तांबे भंगारात चांगल्या भावाने जाते, आणि ते शेतकऱ्याचे असते, ही गोष्ट त्याला बहुधा कोणी सांगितलेली नसते. नवी तारही त्याच्यासमोर तोलायची. तांब्याच्या नावावर ॲल्युमिनियम भरून देण्याचे प्रकार या धंद्यात घडतात, म्हणून तारेचे टोक खरवडून दाखवायचे. त्या तराजूने आमच्यासाठी जे केले ते कोणत्याही जाहिरातीने केले नसते. दुसऱ्या लाटेत निर्बंध आले तरी शेतीच्या कामांना मुभा होती, आणि मोटरी येत राहिल्या.

विद्यालयात एकदा भंतेजींनी अंगुत्तर निकायातील पापणिक सुत्त समजावून दिले होते. त्यात दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. त्याला डोळे हवेत, म्हणजे ही वस्तू एवढ्याला घेतली, एवढ्याला विकली तर मूळ किती आणि लाभ किती, हे त्याला दिसले पाहिजे. तो खरेदी-विक्रीत कुशल हवा. आणि त्याला आधार हवा, म्हणजे धनवंतांचा त्याच्यावर असा विश्वास हवा की ते आपण होऊन त्याच्या हाती पैसा देतील. तेव्हा आम्ही ते परीक्षेपुरते ऐकले होते. तांब्याच्या भावाने जेव्हा आम्हांला आंधळे असल्याचे दाखवून दिले, तेव्हा पहिला गुण कळला. चाचांकडे चार महिने घालवले तो दुसरा. आणि 2022 मध्ये तालुक्यातील तारेच्या व्यापाऱ्याने स्वतःहून 'महिनाभराने पैसे द्या' म्हणून वीस किलो तार गाडीत ठेवली, तेव्हा तिसरा कळला. मुद्रा कर्ज आम्ही त्यानंतर काढले आणि ते मुदतीत फिटले.

आज दुकानात आम्हा तिघांखेरीज दोन मुले कामाला आहेत. पावसाळ्यात मोटरी थांबतात, तेव्हा पंखे, मिक्सर आणि पिठाच्या चक्क्या दुरुस्त करतो. उत्पन्न शहरातल्या पगाराहून फार मोठे नाही, पण ते कोणा कंत्राटदाराच्या फोनवर अवलंबून नाही. आमच्यापैकी एकाच्या आजीला गावच्या आडावर स्वतः पोहरा सोडता येत नसे, वरून कोणी पाणी ओतील तेव्हा घागर भरायची. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, ते आमच्या गावात यायला कितीतरी वर्षे लागली. आज त्याच गावच्या विहिरींवरून लोक आम्हांला बोलावतात आणि मोटर पाण्यात सोडताना दोर आमच्या हाती देतात. आम्ही हे मोठे परिवर्तन म्हणून सांगत नाही. गरज सरली की पुष्कळांचे वागणे पूर्वीसारखे होते, हेही आम्ही पाहतो.

वहीतल्या त्या दुसऱ्या काटेचे काय झाले, हे सांगून थांबतो. गेल्या वर्षी दुकानाला लागूनच आमच्या आचारी मित्राने एक चूल मांडली. मोटर भरून होईपर्यंत शेतकऱ्याला दिवसभर बसावे लागते, त्याला जेवण हवेच असते. भाकरी, पिठले, ठेचा आणि बुधवारी आमटी. या वेळी त्यात घातलेले पैसे बुडाले असते तरी घर चालले असते, म्हणून ही लढाई आता परवडत होती. काही लोक येतात, मागून घेऊन दुसरी भाकरी खातात. काही मात्र अजून सांगतात, "आज उपास आहे." ज्या वारी उपास कोणी करीत नाही, त्या वारीही तो असतो. आमचा मित्र हसतो आणि त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवतो. बहुतेकजण पाणी पितात. मागच्या महिन्यात त्यांतल्या एकाचा उपास सुटला.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे. मुलाला धंदा सुचवताना शेजाऱ्याचा चालतो म्हणून तोच सुचवू नका. त्याला एक वही द्या आणि पंधरा दिवस बाजारात बसवा. जे पैसे बुडाले तर घर बुडेल, ते पैसे पहिल्या दिवशी घालू नका. आणि ज्यांना हे काम शिकायचे असेल, त्या विद्यालयाच्या मुलांनी जून महिन्यात आमच्याकडे यावे. पावसाळ्यात आम्हांला वेळ असतो. राहण्याची सोय पडवीत होईल आणि जेवणाची शेजारीच.

जय भीम.